साऱ्या वर्गाचं एकच पुस्तक

या, असे जवळ या. मागं बसलेल्यांनी पुढं सरका, पुढं बसलेल्यांनी जरा आखडून बसा. गोष्टीला जागा थोडी पुरते, मन मात्र मोकळं लागतं. आज तुम्हांला दोन जावांची गोष्ट सांगतो. हसू नका! 'जावा जावा आणि उभा दावा' ही म्हण तुमच्या ओठांवर आलीच, दिसलं मला. येऊ दे. तिलाही बसवून घेऊ आपल्यात, बघू कुठवर साथ देते ती.

एक घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत छापखाना, मागच्या खोल्यांत संसार आणि मधे एक जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे शाईचा वास, पलीकडे स्वयंपाकाचा. वारा फिरला की कागद कापताना भूक लागायची आणि जेवताना काम आठवायचं. दोघे भाऊ कागद आणायला आणि छापलेला माल पोचवायला दिवसभर बाहेर. म्हणजे घरात उरायच्या दोघी जावा आणि त्यांचे सासरे.

सासऱ्यांना दोघी मामंजी म्हणत. हयातभर शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून ओळी बांधलेला माणूस. आता डोळे अधू झालेले. माणूस दिसायचा, माणसाचं तोंड दिसायचं नाही. पण बोटं अजून तल्लख. कागद चिमटीत धरला की जाडी सांगत, कडेवरून बोट फिरवलं की कापणाऱ्याचा हात त्या दिवशी थरथरला होता का, ते सांगत.

थोरली या घरात आली तेव्हा तिला कागद कुठल्या बाजूनं धरायचा तेही ठाऊक नव्हतं. मामंजींनी शिकवलं. पहिल्या दिवशी दोन कोरे कागद एकावर एक ठेवले, मधोमध घडी घातली आणि म्हणाले, "सूनबाई, आता यावर एकापासून आठापर्यंत आकडे घाल." तिनं पानं उलटत उलटत आकडे घातले. मग ते म्हणाले, "उलगड." उलगडलं तर काय, एकाशेजारी आठ, दोनाशेजारी सात! तिनं डोळे विस्फारले तसे म्हातारबा खुदकन हसले. "माणूस ओळीनं विचार करतो, कागद घडीनं. एवढं ज्याला कळलं, त्याला पुस्तक कळलं." त्या दिवसापासून त्या घरात 'सूनबाई' अशी हाक आली की पडदा बाजूला व्हायचा आणि थोरली उभी असायची.

मग धाकटी आली.

धाकटी वाईट होती असं समजू नका. तीच तर खरी पंचाईत! वाईट असती तर थोरलीनं दोन शब्द सुनावले असते, चार ऐकले असते आणि दोघी मोकळ्या झाल्या असत्या. पण ही हसतमुख. ही आल्या आल्या 'जाऊबाई, तुम्ही बसा, मी करते' म्हणणारी. आता सांगा, असल्या बाईचा राग करायचा तरी कसा? राग करता येत नाही तेव्हा माणूस हेवा करतो. रागाला निदान निमित्त लागतं. हेवा बिननिमित्ताचाही पोसला जातो, आणि पोसणाऱ्याचंच खातो.

धाकटीला कॉम्प्युटर येत होता. पूर्वी शंभर निमंत्रणांवर शंभर नावं घालायची तर थोरली मान मोडून हातानं लिहायची; अक्षर मोत्यासारखं, बघणारे नाव काढायचे. धाकटीनं एका बाजूला नावांची यादी ठेवली, एका बाजूला मजकूर, आणि दोन्हींची गाठ मारून दिली. ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या कागदावर आपोआप छापून बाहेर! "याला मेल मर्ज म्हणतात, मामंजी," ती म्हणाली. मामंजींना त्या शब्दाचं इतकं कौतुक की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्याकडे मेल मर्ज आहे बरं का," जसं काही घरात नवी गाय बांधली आहे!

हळूहळू मामंजींची खुर्ची कापणीच्या टेबलाजवळून उठली आणि कॉम्प्युटरजवळ जाऊन बसली. धाकटी त्यांना मजकूर वाचून दाखवायची, ते चुका सांगायचे, आणि मधेच दोघं हसायची. कशाला हसली ते थोरलीला कधी कळायचं नाही. ती कागद कापत असायची. पातं खाली यायचं ते जरा जोरानंच.

आणि हाक! 'सूनबाई' म्हटलं की आता दोघी वळायच्या. मामंजी म्हणायचे, "तू नव्हे गं, धाकटी." तू नव्हे. दोनच शब्द, पण थोरलीच्या पायात काट्यासारखे मोडले होते. चालताना सलायचे.

अशात एक दिवस शाळेच्या बाई आल्या. नोकरी संपवून लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेत निरोपाचा समारंभ. त्यांना आपल्या शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी आठ पानांची एकेक लहानशी पुस्तिका हवी होती. वर मुलाचं नाव, आत त्याचा फोटो, त्यानंच लिहिलेलं काहीबाही, त्यानंच काढलेलं चित्र, आणि शेवटी सहाव्या-सातव्या पानावर बाईंनी त्या एकाच मुलाला सांगितलेले चार शब्द.

"प्रत्येकाला वेगळे शब्द लिहिलेत मी," बाई म्हणाल्या. "एकाचं दुसऱ्याच्या हाती पडायला नको हं. मुलं वर येऊन मोठ्यानं वाचणार आहेत."

"निश्चिंत असा," मामंजी म्हणाले. "सूनबाई!"

दोघी वळल्या.

"धाकटी गं. हे तुझं काम. मेल मर्ज लाव." मग थोरलीच्या दिशेनं मान वळवून, अगदी प्रेमानं, "तू फक्त पिना मार."

फक्त! थोरलीनं मान हलवली, बाईंसाठी चहा आणला, कप खाली ठेवताना जरासुद्धा आवाज होऊ दिला नाही. पण आत काय झालं असेल ते तुमचं तुम्हीच ताडा. आठ पानांची घडी! जी घडी तिनं त्या माणसाच्या बोटाखाली शिकली, तीच आता दुसरीच्या हाती, आणि हिच्या वाट्याला पिना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं एका मुलाची पुस्तिका नमुना म्हणून छापून पाहिली. पाठपोट छपाई, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना. निघाली, पण मागची बाजू उलटी!

"मामंजी, पाठीवरची अक्षरं खाली डोकं वर पाय आलीत."

"मग वाचणाऱ्याला शीर्षासन करायला सांग. बाईंच्या वर्गात कवायत होतेच."

पुन्हा ते हसणं. थोरलीला कारण दिसत होतं: यंत्र कागद लांब कडेवरून पलटत होतं, तो आखूड कडेवरून पलटायला हवा. ती बोलली नाही. तिला कुणी विचारलं होतं का? धाकटीनंच सेटिंग शोधून काढलं, आखूड कड निवडली आणि या खेपेला पाठ आणि पोट जिथल्या तिथं आलं. मामंजींनी नमुना हातात घेतला, घडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वा! हात बसला तुझा."

हात बसला. थोरलीबद्दल हे शब्द उच्चारायला म्हातारबांनी दोन पावसाळे घेतले होते.

मग धाकटीनं सगळा वर्ग एकदम छपाईला सोडला. यंत्र घरघरू लागलं, कागद पडू लागले. ढीग पूर्ण झाल्यावर तिनं तो उचलून थोरलीच्या टेबलावर ठेवला. "जाऊबाई, एवढं बघता? मी मामंजींच्या डोळ्यांत औषध घालून येते."

डोळ्यांत औषध घालायचं कामसुद्धा पूर्वी थोरलीचं होतं. असो.

पडदा पडला. थोरली एकटी. तिनं वरचे दोन कागद उचलले, एकावर एक ठेवले, लाकडी पट्टीनं घडी दाबली, मधोमध पिना मारल्या. उलटून पाहिलं. नाव, फोटो, चित्र, बाईंचे शब्द, सगळं एकाच मुलाचं, सगळं जागच्या जागी. खरं सांगू? तिची निराशा झाली. दुसऱ्याचं काम चोख झालेलं पाहून निराश व्हायचं, ही किती केविलवाणी गोष्ट! पण आपल्यापैकी ज्याला हे कधीच झालं नाही, त्यानं हात वर करावा. बघा, कुणाचाच हात वर नाही. चला पुढं.

तिनं पुढचे दोन कागद घेतले, घडी घातली, आणि हात थांबला. पुस्तिकेच्या वरच्या पानावर नावच नव्हतं. भलत्याच कुणाचं तरी चित्र होतं, घराचं. उघडलं तर ऐन मधोमध, पिना मारायच्या जागेशेजारी, एका दुसऱ्याच मुलीचं नाव मुखपृष्ठासारखं दिमाखात छापलेलं. तिनं पुढची जोडी घेतली. वर एका मुलाचं नाव, आत त्याचाच फोटो, आणि अर्ध्यानंतर मजकूर त्या मघाच्या मुलीचा.

थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॉम्प्युटरला कुठं ठाऊक की एक मूल कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं? त्यानं साऱ्या वर्गाला एकच जाडजूड पुस्तक समजून घडी घातली होती! पहिल्या मुलाचं पहिलं पान शेवटच्या मुलाच्या शेवटच्या पानाला जुंपलं होतं, दुसऱ्याला शेवटून दुसरं, असं आत आत येत. फक्त हजेरीत बरोब्बर मधोमध असलेल्या एकाच मुलाला जोडीदार म्हणून तो स्वतःच मिळाला होता. म्हणून त्याची तेवढी पुस्तिका नीट. तीच ढिगावर सगळ्यात वर होती आणि तीच तिनं आधी घडली होती.

आणि बाबांनो, हे कळल्यावर तिच्या छातीत जे उसळलं ना, ते दुःख नव्हतं. तो आनंद होता! घ्या आता मेल मर्ज! घ्या, हात बसला! तिनं मनातल्या मनात समारंभ पाहिला. धाकटी गठ्ठा घेऊन जाते, मुलं पुस्तिका उघडतात, गोंधळ उडतो, बाईंचं तोंड उतरतं, कुणीतरी मामंजींच्या कानात सांगतं, आणि मामंजी खुर्ची उचलून पुन्हा कापणीच्या टेबलाशी येतात. "तुला नाही का दिसलं गं?" असं विचारलंच कुणी, तर उत्तर तयार होतं: "मला फक्त पिना मारायला सांगितलं होतं."

तिनं पुढच्या जोड्या घडायला घेतल्या. चुकलेल्याच. नीट, सुबक, कडेला कड जुळवून. चुकीच्या पुस्तिकांना इतक्या मायेनं आजवर कुणी घडी घातली नसेल. बऱ्याचशा झाल्या, आणि पडदा हलला.

मामंजी आले, डोळे पुसत, भिंतीला हात लावत. मागं धाकटी.

"झालं का सूनबाई?"

दोघी एकदम म्हणाल्या, "हो मामंजी."

"थोरलीला विचारलं. कशा आल्यात? दे एक बघू हातात."

आता ऐका. खोटं बोलायला जीभच लागते असं नाही. त्या 'हो'पुढं थोरलीनं जीभ हलवली नाही. चुकलेल्या पुस्तिका तिनं हळूच खाली सोडून पायानं टेबलाखाली सारल्या आणि वर राहिलेली एकच, ती मधल्या मुलाची, मामंजींच्या हातात ठेवली. त्यांनी कडा चाचपल्या, घडी चाचपली, धाकटीला म्हणाले, "वाच." धाकटीनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. एका अक्षराची चूक नाही.

"शाबास!" मामंजी म्हणाले. कुणाला म्हणाले ते सांगायला हवं का? धाकटीच्या पाठीवर थाप पडली आणि थोरलीच्या काळजावर पडली. चढू दे, ती मनात म्हणाली. जितकी वर चढशील तितकी जोरात आपटशील.

दोघं कॉम्प्युटरपाशी गेली, हिशेबाचं काही वाचायला. थोरलीनं पुढची जोडी घ्यायला हात घातला. पण हेव्याला भूक फार. त्याला वाटलं, सगळ्यात मोठा घोटाळा कुठला असेल तो तरी बघू. पहिल्याची आणि शेवटच्याची गाठ कशी पडली आहे? तिनं तळाचे दोन कागद ओढून काढले.

पहिल्याचं नाव बघून तिला हसू आलं. त्यांच्याच गल्लीतला तो नकल्या! कुणाची चाल, कुणाचा खोकला, कुणाचं बोलणं हुबेहूब करून दाखवणारा; मामंजींचं चाचपडत चालणंसुद्धा त्यानं एकदा त्यांच्याच पायरीवर करून दाखवलं होतं, आणि मामंजीच सगळ्यांत जास्त हसले होते. आणि शेवटची? शिंप्याची मुलगी. ही बोलताना अडखळायची. रंगीत कागद घ्यायला छापखान्यात आली की 'निळा' म्हणायला तिला इतका वेळ लागायचा की शेवटी बोटानंच दाखवायची. बाहेर नकल्या उभा असायचाच. ती पायरी उतरली की मागून 'नि-नि-नि-' सुरू.

थोरलीनं घडी घालून सहावं पान उघडलं. वर नकल्याचं नाव आणि आत बाईंनी शिंप्याच्या मुलीला सांगितलेलं असं होतं:

'बाळा, तू बोलताना थांबतेस तेव्हा मी घाईनं तुझं वाक्य पुरं करत नाही, कारण ते वाक्य तुझं आहे. एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं तू एकटीच गात होतीस. अख्खं गाणं. एकही शब्द कुठं अडला नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझा डबा तसाच राहिला. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. तुझं गुपित आहे, तुला वाटेल तेव्हा तूच सांग.'

थोरली उभीच राहिली. समारंभ पुन्हा डोळ्यांपुढं आला, पण या खेपेला त्यात धाकटी कुठं दिसेचना. दिसला तो नकल्या, वर उभा, हातात पुस्तिका, सगळ्यांसमोर घसा खाकरून वाचणारा, आणि कुणाबद्दल आहे ते पहिल्याच ओळीला कळून डोळे चमकलेले. आणि खाली शेवटच्या बाकावर ती पोर.

माणसाच्या मनाचं एक बघा. धाकटीची फजिती डोळ्यांपुढं आणताना थोरलीला जराही जड गेलं नव्हतं. पण टाकीमागं गाणारी ती पोर मात्र काही केल्या हलेना. देव कुणाला कुठल्या दारानं गाठेल ते त्यालाच ठाऊक. थोरलीला त्यानं सहाव्या पानावर गाठलं. आणि म्हणून ती लगेच पवित्र झाली असं समजू नका हं! ती पडद्याशी गेली, परत आली. पुन्हा गेली. सांगायचं म्हणजे धाकटीला वाचवायचं! हे औषध घशाखाली उतरायला फार कडू होतं. घड्याळात दुपार कलली होती.

शेवटी ते दोन कागद घेऊन ती कॉम्प्युटरपाशी गेली. मामंजी खुर्चीत डुलकी घेत होते.

"अगं, हे बघ," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ताच दिसलं मला."

आत्ताच. तेवढं खोटं राहिलंच.

धाकटीनं पाहिलं आणि तिचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. "अगोबाई! हे... पण मघाशी तर वाचली मी एक!"

"ती एकच नीट आलीय."

"थांबा, थांबा." तिची बोटं भराभरा चालू लागली. एका मुलाची छापली: बरोबर. सगळ्यांच्या छापायला घेतल्या, पहिले कागद पाहून थांबवल्या: चूक. कड बदलली, उलटं केलं, कागदाचा आकार पुन्हा निवडला. चूक. "जाऊबाई, एकाचं बरोबर येतंय आणि सगळ्यांचं चुकतंय! असं कसं होईल? मर्ज तर बरोबर आहे! स्क्रीनवर बघा, ओळीनं सगळी पानं बरोबर आहेत!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि थोरलीनं, देव साक्षी आहे, त्या पाण्याकडे एक क्षणभर चवीनं पाहिलं. मग तिनं चार कोरे कागद घेतले.

"ओळीनं बरोबर आहेत गं. घडीनं नाहीत. इकडे बघ. ही दोन मुलं समज. तुझं यंत्र काय करतंय?" तिनं चारही कागद एकत्र घेऊन एकच घडी घातली. "दोघांचं मिळून एक पुस्तक. आता यातले बाहेरचे दोन वेगळे काढ. काय आलं? पुढं पहिल्याचं, मागं दुसऱ्याचं."

"म्हणजे साऱ्या वर्गाचं एकच पुस्तक झालंय?"

"तेच. आता ते यंत्राला कसं समजावायचं, ते मला नाही कळत. ते तुझं तू बघ."

धाकटी नाक ओढत, ओठ चावत स्क्रीनकडे बघत राहिली. मग ताठ बसली. "एकत्र पाठवायचंच नाही! यादीत 'पहिल्या नावापासून पहिल्याच नावापर्यंत' एवढंच मर्ज करायचं आणि छापायचं. मग दुसरं ते दुसरं. प्रत्येकाची छपाई वेगळी. त्याला वाटेल, आठच पानांचं पुस्तक आहे."

"लाव मग."

थोरली हजेरीतलं नाव पुकारायची, धाकटी त्याला एकट्याला छापायला सोडायची, कागद पडले की थोरली घडी घालायची. पहिला नकल्या. थोरलीनं सहावं पान उघडून पाहिलं. बाईंनी त्याला लिहिलं होतं, 'सगळ्यांचे आवाज काढतोस, आता तुझा स्वतःचा कधी ऐकवणार?' तिनं घडी दाबली. नाव, छपाई, घडी. नाव, छपाई, घडी. मधेच एकाची पुस्तिका फुगली. मघाच्या खटपटीत समास जरा वाढले होते आणि त्यानं मांजरावर इतकं लिहिलं होतं की मजकूर नवव्या पानावर सांडला आणि मागं कोरी पानं लागली.

"याचं मांजर कापावं लागणार," धाकटी म्हणाली.

"मांजराला हात लावू नकोस. ओळींमधली जागा जरा आवळ."

आवळली, मांजर आठात बसलं. दोघी हसल्या. आणि त्या हसण्यानं मामंजी जागे झाले.

"काय गं? यंत्र पुन्हा का चाललंय? झालं होतं ना सगळं?"

थोरलीनं पट्टी खाली ठेवली. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, आता सगळं उजेडात येणार. मामंजी उठले, चाचपडत तिच्याच टेबलाकडे निघाले. आणि तिच्या लक्षात आलं की टेबलाखाली त्या चुकलेल्या पुस्तिका तशाच पडल्या आहेत, घडी घातलेल्या, पिना मारलेल्या, कडा जुळवलेल्या. 'आत्ताच दिसलं' म्हणणारीनं एवढ्या पुस्तिका केव्हा घडल्या? डोळे अधू असले तरी त्या बोटांना घडी कुणाची ते न विचारता कळलं असतं.

धाकटी त्यांच्या आधी टेबलाशी पोचली. वाकली. तिनं त्या पुस्तिका पाहिल्या. एक उचलली, उघडली, पिनांवरून बोट फिरवलं. मग तिनं मान वर करून थोरलीकडे पाहिलं. फार वेळ नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच. आणि सगळ्या पुस्तिका दोन्ही हातांनी उचलून तिनं कातरणाच्या पोत्यात लोटल्या, वरून कातरण दाबलं.

"मीच घोटाळा केला होता, मामंजी," ती म्हणाली. "साऱ्या वर्गाचं एकच पुस्तक करून बसले होते. जाऊबाईंनी पकडलं म्हणून वाचलो. नाहीतर शाळेत तोंड दाखवायला जागा नव्हती."

मामंजींनी टेबलावरची एक नवी पुस्तिका उचलली, घडीवरून अंगठा फिरवला.

"वाटलंच मला. मेल मर्ज असो नाहीतर आणखी काही असो, घडी हिच्या हातात आहे. सूनबाई, तू होतीस म्हणून बरं."

आणि या वेळी ते थोरलीकडेच तोंड करून बोलले होते. 'तू नव्हे' असं कुणालाच म्हणाले नाहीत. ज्या वाक्यासाठी ती इतके दिवस झुरली, ते तिला मिळालं. आणि मिळालं ते कुणाच्या हातून? जिला बुडवायला निघाली होती तिच्याच. तोंडातला घास धड गिळता येईना, धड थुंकता येईना. ती एवढंच म्हणाली, "पिना संपत आल्यात. नवी डबी आणते."

तिनं मामंजींना खरं सांगायला हवं होतं का? हवं होतं. सांगितलं का? नाही. मी तुम्हांला देवळातल्या मूर्तीची नव्हे, माणसाची गोष्ट सांगतोय.

संध्याकाळी दोघी मिळून गठ्ठा घेऊन शाळेत गेल्या आणि मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. नकल्यानं आपलं वाचलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याला पुढं काय करावं ते सुचलं नाही. मांजरवाल्याचं लोकांनी पुन्हा वाचायला लावलं. शेवटी शिंप्याची मुलगी वर गेली. तिनं पुस्तिका उघडली, सहावं पान मनातच वाचलं, पुन्हा वाचलं, मिटली आणि छातीशी धरली. बाईंकडे पाहून मानेनंच नाही म्हणाली. बाई म्हणाल्या, "बरं. जा, बस." ती खाली उतरली तेव्हा तिचे कान लालबुंद झाले होते आणि चाल अशी, जशी कुणी भरलेला घडा न हिंदकळवता नेतं.

परतताना दोघी रस्त्याच्या कडेनं चालत होत्या. मग थोरली म्हणाली, "तू पाहिलंस ना?"

"काय?"

"टेबलाखालचं."

"रद्दी होती, जाऊबाई. रद्दीत टाकली." आणि लगेच, "उद्या मला ती घडी पुन्हा दाखवाल? चार कागदांची. मला अजून नीट उमगली नाही."

झालं! आता तुम्ही म्हणाल, थोरलीचा हेवा विरघळला असेल. छे हो! उलट त्याला नवं खाद्य मिळालं. कालपर्यंत ती धाकटीच्या बोटांचा हेवा करायची, तिच्या खुर्चीचा, तिच्या हसण्याचा. त्या संध्याकाळपासून ती तिच्या मनाचा हेवा करू लागली. हिला हे असं सहज कसं जमतं? मला का नाही जमत? रात्रंदिवस तोच किडा. पण बाबांनो, हेव्याहेव्यातही फरक असतो. एक हेवा दुसऱ्याला खाली ओढू पाहतो, दुसरा स्वतःलाच टाचा उंचवायला लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं चार कोरे कागद घेतले आणि धाकटीच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. "बघ हं," ती म्हणाली, "घाई करू नकोस." स्वर अजून जरा आंबटच होता.

तर गोष्ट ही एवढीच. आता उठण्याआधी एक मागणं आहे. घरी जाल, देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा, आणि त्या धाकटीची आठवण करा. तिनं पाहिलं, ओळखलं, आणि वरून कातरण दाबलं. थोरलीसाठी काही मागू नका. तिच्यासाठी धाकटी आहे.